रेशमावरचा रंग धुताना का निघून जातो? घरच्या खोलीतील रेशीमरंगकाम आणि लोकरकाम यांविषयी काही प्रश्न

आडवा धागा (डोंबिवली)

नमस्कार. घरातल्या १० फूट बाय ९ फुटांच्या खोलीत मी गेली दीड वर्षे रेशमी कापडावर रंगकाम करीत आहे. त्याआधी चार-पाच वर्षे आधी टकळीवर आणि नंतर पायाच्या चरख्यावर लोकर कातण्याचा नाद लागला होता. तो अजून सुटलेला नाही, त्यामुळे एका भिंतीला चरखा व पिंजलेल्या लोकरीची पोती आणि खिडकीशी रेशीम ताणण्याची लाकडी चौकट, अशी खोलीची वाटणी झाली आहे.

माझी पद्धत अशी आहे. कापड चौकटीवर ताणून त्यावर पुसट पेन्सिलीने आकृती काढते, बारीक तोंडाच्या बाटलीतून पाण्यात विरघळणाऱ्या रेझिस्टची (रंगाला अडवून धरणाऱ्या घट्ट द्रवाची) रेघ ओढते, आणि ती वाळल्यावर वाफेने पक्के होणारे द्रवरंग कुंचल्याने भरते. दुसऱ्या दिवशी कापड कोऱ्या कागदात गुंडाळून, कुकरमध्ये जाळीवर ठेवून, शिटी न लावता पाऊण तास वाफ देते आणि त्यानंतर धुते.

जूनपर्यंत सगळे सुरळीत चालले होते. पावसाळा सुरू झाल्यापासून मात्र एकामागून एक अडचणी येत आहेत. गेल्या महिन्यात मी कमळाच्या आकृतीचे दोन स्टोल एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या रंगांनी रंगवले आणि एकाच वेळी वाफवले. धुताना एकाचे पाणी किंचित निळसर झाले आणि लगेच निवळले. दुसऱ्याचा गडद निळा मात्र थांबेचना. सात-आठ पाणी बदलूनही रंग येतच राहिला, आणि शेवटी जे उरले त्याला निळे म्हणण्यापेक्षा मळकट राखाडी म्हणणे अधिक योग्य ठरेल. दोन्ही कापडे ‘प्युअर सिल्क’ म्हणूनच घेतली होती, फक्त दुकाने वेगळी होती.

दुसरी अडचण डागांची. वाफवून काढल्यावर कापडावर मधे फिकट आणि कडेने गडद असे रुपयाएवढे गोल डाग दिसतात. तिसरी रेषेची: पाकळीचा रंग रेघ ओलांडून शेजारच्या पानात शिरतो, आणि तेही नेमके काम संपत आल्यावर. मिठाचे दाणे टाकून जी फुलांसारखी नक्षी उमटते, तीही आता उमटत नाही. मीठ नुसतेच पाझरून बसते.

चौथी अडचण मी स्वतःच ओढवून घेतलेली असावी. ओल्या रेशमावर लोकरीचा एखादा तंतू पडला की रंग त्याच्या अंगाने धावतो आणि कापडावर मांजराच्या मिशीसारखी रेघ उमटते. लोकर आणि रेशीम एका खोलीत सुखाने नांदू शकतात का, की मी एकाला निरोप द्यावा?

जाता जाता आणखी एक गोष्ट. कुकर लहान पडतो म्हणून मी सासूबाईंच्या मोदकपात्राकडे पाहू लागले आहे, आणि त्या माझ्याकडे पाहू लागल्या आहेत. गणपती महिन्यावर आले आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मोरपीस (पुणे)

पहिली विनंती मोदकपात्राविषयीच आहे: त्याला हात लावू नका. जे भांडे, चमचा किंवा गाळणे एकदा रंगासाठी वापरले ते पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये, मग रंगाच्या बाटलीवर काहीही लिहिलेले असो. उलट दिशेने मात्र तुमची नजर अगदी योग्य जागी गेली आहे, कारण घरी रेशीम वाफवण्यासाठी मोदकपात्रासारखे दुसरे सोयीचे भांडे मला इतक्या वर्षांत सापडलेले नाही. तेव्हा नवीन घ्या आणि ते खोलीतच ठेवा.

आता डागांविषयी. हे डाग रंगाचे नसून पाण्याचे आहेत. वाफ झाकणाला लागून थंड होते, तिचे थेंब होतात आणि ते सरळ कापडाच्या गुंडाळीवर पडतात; थेंब जिथे पडतो तिथला रंग बाहेरच्या बाजूला ढकलला जातो, म्हणून मधे फिकट आणि कडेला गडद अशी चकती उमटते. कुकरचे झाकण जवळजवळ सपाट असल्यामुळे थेंब मधोमध पडतात. मोदकपात्राच्या घुमटासारख्या झाकणावरून ते कडेने ओघळून जातात, पण तेवढ्यावर विसंबू नये. गुंडाळीच्या वर जुन्या सुती चादरीच्या चार-पाच घड्या ठेवाव्यात आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची छत्रीसारखी टोपी करून, तिच्या कडा खाली वळवून बसवावी. गुंडाळीचा भांड्याच्या भिंतीला कुठेही स्पर्श होऊ देऊ नये, आणि तळाचे पाणी उसळून जाळीपर्यंत येणार नाही इतकेच असावे.

गुंडाळताना रेशमाचा एक थर दुसऱ्या थराला कुठेही टेकता कामा नये. मधे सर्वत्र कागद किंवा सुती कापड हवे. कागद तुम्ही म्हणता तसा कोराच असावा, कारण छापील वर्तमानपत्राची शाई वाफेने रेशमावर उतरते. मी एकदा घाईत वर्तमानपत्र वापरले होते, आणि एका पिवळ्या ओढणीच्या कोपऱ्यात सोन्याचे भाव उलट्या अक्षरांत अजून वाचता येतात.

पाऊण तास मला कमी वाटतो. मी एका स्टोलला किमान एक तास आणि गुंडाळी जाड असेल तर दोन तास वाफ देते, आणि वेळ मोजते ती भांडे गॅसवर ठेवल्यापासून नव्हे, तर झाकणाच्या कडेने वाफ सलग येऊ लागल्यापासून. वाफवल्यावर लगेच धुऊ नका. एक दिवस जाऊ द्या. धुताना पहिले पाणी गार आणि भरपूर असू द्या, शक्यतो वाहते, कारण कापड बादलीत भिजत ठेवले की सुटलेला रंग पांढऱ्या रेघांवर जाऊन बसतो.

रेघेविषयी. रेझिस्टची रेघ कापडाच्या वर बसून चालत नाही, ती आरपार उतरावी लागते. वाळल्यावर चौकट उचलून खिडकीसमोर उभी धरा आणि मागच्या बाजूने बघा. रेघ जिथे आरपार गेली आहे तिथे कापड तेलकट कागदासारखे पारदर्शक दिसते. जिथे तसे दिसत नाही, तिथूनच रंग निसटणार. पाण्यात विरघळणारे रेझिस्ट पावसाळ्यात वरून वाळल्यासारखे वाटले तरी आतून मऊ असते, आणि वर रंगाचे तळे साचले की ते पुन्हा विरघळू लागते. काम संपताना रंग फुटतो असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे कारण हेच असावे: तोपर्यंत रेघ बराच वेळ ओली राहिलेली असते. रेघ ओढल्यावर हेअर ड्रायर लांबून फिरवा, कुंचला अर्धाच भरा, तो रेघेपाशी न टेकवता पाकळीच्या मध्यावर टेकवा आणि रंगाला आपल्या पायांनी कडेपर्यंत चालत जाऊ द्या. रंगवत असताना छताचा पंखा बंद ठेवा, नाहीतर एक बाजू आधी वाळते आणि तिथे गडद किनार पडते.

पाण्याऐवजी पांढऱ्या स्पिरिटने पातळ होणारा खरा गुट्टाही रेघेसाठी मिळतो. आग्नेय आशियातल्या एका झाडाच्या चिकापासून तो करतात आणि त्याला पाण्याची भीती नसते. पण त्याच्या वासाने डोके चढते, बंद खोलीत तो वापरणे बरे नव्हे, आणि काढायलाही द्रावकच लागतो. घरात लहान मुले असतील तर पावसाळ्यापुरती थोडी सबुरी बरी.

रंगखाते (भिवंडी)

मी मुंबईतल्या एका गिरणीच्या रंगखात्यात उमेदवारी केली आणि १९८२ च्या संपानंतर भिवंडीत प्रोसेसिंगच्या कामात आयुष्य काढले. हाताने चित्रे काढण्यातले मला काही कळत नाही. रंग कापडाला का चिकटतो आणि का सुटतो, एवढेच कळते. त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

तुमच्या वर्णनावरून दोष वाफेचा नाही. एकाच भांड्यात, एकाच वेळी, त्याच रंगांचा एक स्टोल पक्का होतो आणि दुसरा होत नाही, तेव्हा आधी कापडाकडे बोट दाखवावे. वाफेने पक्के होणारे बहुतेक रेशीमरंग ॲसिड जातीचे असतात. रेशीम हे प्रथिन आहे. आम्लाच्या सान्निध्यात त्याच्यातील अमिनो गटांवर धन भार येतो, रंगाच्या कणांवर ऋण भार असतो, आणि वाफेच्या उष्णतेने तंतू फुगून रंग आत शिरला की दोघांचे जुळते. लोकरही प्रथिनच असल्यामुळे हेच रंग तिच्यावरही बसतात, ही गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. व्हिस्कोस मात्र लाकडाच्या लगद्यापासून केलेला सेल्युलोज आहे. त्याच्यावर ॲसिड रंग पाहुण्यासारखा बसतो आणि पहिल्या धुण्याला उठून जातो.

बाजारात ‘आर्ट सिल्क’ म्हणून जे मिळते त्यातला ‘आर्ट’ हा कलेचा नसून ‘आर्टिफिशियल’चा आहे, हे कित्येक चित्रकारांनाही ठाऊक नसते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे मिश्र कापड, ज्यात ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) व्हिस्कोसचा असतो. हाताला ते मऊ लागते, चमक उत्तम असते, आणि दुकानदाराने कडेचा उभा धागा जाळून दाखवला की रेशमाची खात्रीही पटते. म्हणून दोन्ही दिशांचे धागे वेगवेगळे काढून जाळावेत. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून धाग्याचे टोक ज्योतीला लावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की ते बहुधा आपोआप विझते, आणि मागे उरलेली काळी गुठळी बोटांत चुरडली जाते. व्हिस्कोस कागदासारखे भरभर जळते आणि त्याची राखाडी, भुसभुशीत राख होते. पॉलिएस्टर वितळून आक्रसते आणि त्याचा कडक मणी होतो, जो चुरडला जात नाही. विकत घेतानाच काळजी घ्यायची असेल तर केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी असलेले कापड मागावे, पण सुटे मीटरवर कापड घेताना ती नेहमी मिळेलच असे नाही, काडेपेटी मात्र खिशात मावते.

तुमचे कापड मिश्र निघाले तर ते फेकू नका. त्यासाठी रिॲक्टिव्ह रंग वापरा. १९५६ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीने हे रंग सुती कापडासाठी बाजारात आणले. ते सेल्युलोजशी रासायनिक बंध करतात आणि रेशमाशीही करतात, त्यामुळे दोन्ही धाग्यांवर बसतात. छटा दोन्हींवर थोडी वेगळी येईल, पण ती अनेकदा सुंदरच दिसते. रिॲक्टिव्ह रंगांना धुण्याच्या सोड्यासारखा क्षार लागतो आणि रेशमाला तीव्र क्षार सोसत नाही, म्हणून प्रमाण कमी ठेवा आणि उष्ण क्षारात कापड उकळू नका.

कोणतेही नवे कापड रंगवण्याआधी धुऊन घ्यावे. कोशातून निघालेल्या कच्च्या रेशमाच्या वजनात साधारण पाव भाग सेरिसिन नावाचा डिंक असतो. तो साबणाच्या गरम पाण्यात उकळून काढतात, आणि तो नीट निघालेला नसेल, किंवा कापडाला कडकपणासाठी खळ दिलेली असेल, तर रंगही डागाळतो आणि तुमची ती रेघही आत उतरत नाही. धुण्यासाठी रिठ्याचे पाणी उत्तम. घरातली कपड्यांची पावडर टाळा, कारण तिच्यात डाग काढण्यासाठी प्रथिने पचवणारे एन्झाइम असते, आणि त्याला भाजीचा डाग कोणता आणि तुमचे रेशीम कोणते हे समजत नाही. शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घातले तर रेशमाची ती सळसळ परत येते.

सुटी पावडर तोलून रंग करणार असाल तर एक गोष्ट गांभीर्याने घ्या. आमच्या खात्यात तोंडाला नुसता रुमाल बांधून पावडर उपसणारी माणसे मी पाहिली आहेत आणि पुढे त्यांना लागलेला दमाही पाहिला आहे. रिॲक्टिव्ह रंगांची भुकटी श्वासात जाणे विशेष वाईट. पंखा बंद करा, एन-९५ मास्क लावा, खाली ओला कागद अंथरा म्हणजे उडालेली भुकटी त्यावर बसेल, आणि एकदाच १०० मिलीलिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून बाटलीत भरून ठेवा. त्यानंतर रोज काम द्रवाशी राहील.

खिडकी (पणजी)

इतकी वाफ, आम्ल आणि सोडा वाचून मला थोडे दडपण आले. मी गोव्यात राहते, म्हणजे दमट हवेच्या बाबतीत डोंबिवलीच्या ताईंपेक्षा एक पायरी वरच. मी तीन वर्षांपासून इस्त्रीने पक्के होणारे कापडी रंग वापरते. रंग वाळला की उलट्या बाजूने एकेका भागावर दोन-तीन मिनिटे इस्त्री फिरवायची आणि काम संपले. कापड शुद्ध आहे की मिश्र याची चिंता नाही, भांडे नाही, डाग नाहीत. घरच्या खोलीत काम करणाऱ्याने कारखान्याची नक्कल कशासाठी करावी?

रंगखाते (भिवंडी)

आपले म्हणणे चुकीचे नाही, पण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. इस्त्रीच्या रंगात रंगद्रव्याचे कण चिकट बंधकाने तंतूच्या पृष्ठभागावर धरलेले असतात. म्हणूनच ते कोणत्याही कापडावर बसतात आणि म्हणूनच रेशमाचा मऊपणा व झळाळी थोडी झाकतात. वाफेचा रंग तंतूच्या आत असतो. भिंतीवर लावायच्या चित्रासाठी तुमची पद्धत मी स्वतः सुचवीन, कारण चांगली रंगद्रव्ये उन्हाला अधिक टिकतात, आणि गळ्यात घ्यायच्या स्टोलसाठी वाफेची.

मोरपीस (पुणे)

मला रंगखाते यांच्याइतके सौम्य राहता येत नाही. हबुताईवर, म्हणजे साध्या विणीच्या पातळ, गुळगुळीत रेशमावर, इस्त्रीचे रंग लावणे म्हणजे बासुंदीत बर्फ घालण्यासारखे आहे. ज्या झळाळीसाठी रेशीम घेतले तीच गेली तर मलमल काय वाईट? अर्थात, मी शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी मुलांच्या हातात तेच रंग देते, हेही कबूल केले पाहिजे.

घोंगडी (सांगली)

रंगाचे तज्ज्ञ बोलले, आता लोकरीच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे. लोकरीला निरोप देऊ नका.

तुम्ही कोणती लोकर कातता ते लिहिलेले नाही. धनगरांकडची दख्खनी मेंढ्यांची असेल तर तिचा तंतू आखूड, राठ आणि केसाळ असतो, आणि पिंजताना त्याचा भुगा सगळीकडे उडतो. आमच्याकडे सनगर मंडळी तिच्या घोंगड्या विणतात तेव्हा ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. त्याने धागा कडक होतो आणि त्याचे उडते तंतू दबून बसतात. तुम्हाला खळ द्यायची गरज नाही, पण तत्त्व तेच आहे: मोकळे तंतू मोकळे ठेवायचे नाहीत. पिंजण खोलीत करू नका, ते बाल्कनीत किंवा गच्चीवर करा आणि पेळू (कातण्यासाठीच्या गुंडाळ्या) करून झाकणाच्या डब्यात भरूनच आत आणा. कातणे आणि रंगवणे एकाच दिवशी करू नका. ज्या दिवशी रंगवायचे त्याच्या आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने फरशी, चौकट आणि खिडकीचा कठडा पुसून घ्या; झाडू मारू नका, झाडूने तंतू बसत नाहीत, उठतात. रंगवताना अंगात लोकरीचा स्वेटर नसावा, हे सांगायला नको, पण मी स्वतः ती चूक केली आहे.

तुम्ही विचारलेली नाही अशी एक अडचण पुढे येणार आहे. लोकर आणि रेशीम दोन्ही प्रथिने, म्हणजे दोन्हीवर कसर लागते, आणि पोत्यातल्या न धुतलेल्या लोकरीत तिची सुरुवात होते. ती पोती खोलीतून आजच काढा. लोकर कोमट पाण्यात धुऊन, कडक वाळवून, बंद डब्यात ठेवा. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा पाला आमच्याकडे परंपरेने घालतात आणि मीही घालते, पण खरा उपयोग होतो तो दर महिन्याला डबा उघडून, लोकर झटकून उन्हात ठेवण्याचा. रंगवलेले रेशीम मात्र उन्हात ठेवू नका, सावलीतच वारा द्या.

रंगखाते काकांनी जाता जाता एक मोलाची गोष्ट सांगितली, की तेच रंग लोकरीवरही बसतात. स्टोल रंगवून उरलेला रंग टाकून देण्याऐवजी त्यात पाणी आणि थोडे व्हिनेगर घाला, आधी भिजवलेली लोकरीची लड त्यात बुडवा आणि मंद आचेवर उकळी न फुटू देता तासभर ठेवा. रंग लोकरीत ओढला जातो आणि पाणी जवळजवळ स्वच्छ होते, म्हणजे मोरीत रंगीत पाणी ओतण्याचा प्रश्नही सुटतो. फक्त गरम पाण्यातून काढून एकदम गार पाण्यात टाकू नका आणि ढवळू नका, नाहीतर लड आकसून तिचा नमदा, म्हणजे घट्ट गोळा, होईल.

मोरपीस (पुणे)

मिठाचे उत्तर द्यायचे राहिले होते. मिठाची नक्षी उमटते ती मीठ ओल्या कापडातले पाणी स्वतःकडे ओढते आणि पाण्याबरोबर रंगही येतो म्हणून. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी घेऊ लागते आणि स्वतःच विरघळते. आपल्या किनारपट्टीवर जुलैमध्ये दुसरे काय होणार? जाडे मीठ जुन्या तव्यावर कोरडे भाजून, गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि वापरायच्या क्षणीच काढा. खोलीत वातानुकूलन यंत्र असेल तर तासभर आधी लावून ठेवा. गारव्यासाठी नव्हे, ते हवेतले पाणी काढते म्हणून. तरीही ऑगस्टमधली नक्षी एप्रिलसारखी येणार नाही. मी पावसाळ्यात मिठाचे काम घेतच नाही, मेणाचे घेते.

मेण वापरणार असाल तर ते थेट गॅसवर कधीही वितळवू नका, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवा. मेणाने पेट घेतला तर त्यावर पाणी ओतायचे नाही, झाकण टाकायचे. हे वाक्य मी माझ्या खोलीच्या दारावर लिहून ठेवले आहे.

आडवा धागा (डोंबिवली)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सर्वांचे मनापासून आभार.

रंगखाते काकांनी सांगितल्याप्रमाणे रंग गेलेल्या स्टोलच्या कडेचे धागे काढून जाळले. उभा धागा जळताना केसांचा वास आला, तो विझला आणि काळी गुठळी चुरडली गेली. मी जवळजवळ खात्रीने म्हणणार होते की कापड शुद्ध आहे. मग आडवा धागा जाळला. तो फुलबाजीसारखा भर्रकन जळाला आणि खोलीत वहीचा कागद जाळल्याचा वास पसरला. दुकानात जाऊन विचारले तेव्हा ‘मिक्स आहे, पण सिल्कच आहे’ असे उत्तर मिळाले. त्याच ताग्यातले अडीच मीटर कापड अजून माझ्याकडे आहे. त्यावर रिॲक्टिव्ह रंगाचा एक छोटा तुकडा करून पाहिला आणि तो धुण्यात टिकला. आडव्या धाग्यांवर निळा जरा गडद चढल्यामुळे कापड हलवले की धूपछाँव दिसते.

नवे मोदकपात्र आणले. सासूबाई स्वतः दुकानात बरोबर आल्या आणि जिथे भांड्यांवर नावे घालून देतात तिथेच त्यांनी झाकणावर ‘फक्त रंगासाठी’ असे कोरून घेतले. चादरीच्या घड्या, पत्र्याची टोपी आणि सव्वा तास वाफ एवढे सांभाळल्यावर चार स्टोलपैकी तिघांवर एकही डाग नाही. चौथ्यावर एक आहे, कारण गुंडाळी भिंतीला टेकली होती.

लोकरीची पोती उपसली तेव्हा तळाशी कसरीची जाळी निघाली. अर्धी लोकर टाकून द्यावी लागली, पण रेशमापर्यंत ती पोहोचलेली नव्हती. उरलेली धुऊन डब्यात भरली आहे आणि उरलेल्या गडद निळ्यात एक लड रंगवली. तासाभराने भांड्यात खरोखर लिंबाच्या सरबतासारखे फिके पाणी उरले होते.

घरी अजून ‘तुझा छंद’ असाच उल्लेख होतो. त्याचे उत्तर माझ्याकडे सध्या नाही.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. हबुताईवर रेघ आता फुटत नाही, पण मी नुकतेच क्रेप घेतले आहे, ते चांगले जाड आहे, आणि खिडकीसमोर धरून पाहिले तर मागून रेघ तुटक तुटक दिसते. कापड धुऊन घेतले होते, रेझिस्टही ताजे आहे.

रंगखाते (भिवंडी)

छंदाविषयी एवढेच, की प्रभाकर बरवे यांच्यासारखा चित्रकार साठच्या दशकात वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होता. चित्रकाराने कापडात काम करणे हा आपल्याकडे रीतसर पेशा राहिलेला आहे. घरी सांगून पाहावे.

क्रेपचे मोरपीस सांगतील.

मोरपीस (पुणे)

रेशमाचे वजन मॉमी या मापात मोजतात. १ मॉमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. तुमची हबुताई ८ मॉमीची असेल, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम ३५ ग्रॅम, आणि जाड क्रेप तिच्या दुपटीच्या आसपास भरते. शिवाय क्रेपचा धागा भरपूर पीळ दिलेला असतो, त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रेझिस्ट त्याच्या दऱ्यांत साचून राहते, खाली उतरत नाही. अशा कापडावर एका बाजूने रेघ पुरत नाही. पुढून ओढलेली रेघ वाळू द्या, चौकट उलटी करा, आणि मागून जिथे तुटक दिसते तिथे तिच्यावरूनच दुसरी रेघ ओढा. उजेड मागून येईल अशी चौकट खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवली तर पहिली रेघ स्पष्ट दिसते आणि हात चुकत नाही. रेझिस्ट घट्ट वाटत असेल तर त्यात पाण्याचे दोन-तीन थेंब घालून ते कडेच्या तुकड्यावर आधी पाहून घ्या. जास्त पातळ झाले तर रेघ पसरते आणि पाकळीचे टोक बोथट होते.

पहिल्या क्रेपवर कमळ घेऊ नका. त्याच्या पाकळ्यांची टोके फार जवळजवळ येतात. केळीचे पान घ्या.